कृष्णधवल रोल घेताय? आधी धुणार कुठे ते ठरवा

कॅमेऱ्याचा कृष्णधवल फिल्म रोल निवडताना सगळे ग्रेनवर, म्हणजे चित्राच्या दाणेदारपणावर बोलतात, पण घोडं अडतं ते धुण्यापाशी (डेव्हलपिंगपाशी). बऱ्याच लॅबमध्ये फक्त रंगीत फिल्मचं सी-४१ केमिकल असतं.

१. रोल घेण्याआधी लॅबला फोन करा. ब्लॅक अँड व्हाइट धुत नसतील तर इलफर्डचा एक्सपी२ सुपर घ्या. तो कृष्णधवल असूनही सी-४१मध्येच धुतात.

२. धुत असतील तर उजेड बघा. पावसाळी तलावपाळी, येऊरची झाडी, संध्याकाळचं ठाणे स्टेशन यांना एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स, दोन्ही ४०० आयएसओचे (आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात रोल चालतो). फारच अंधार वाटला तर कॅमेऱ्याचा आयएसओ ८००वर ठेवून अख्खा रोल काढा आणि लॅबला त्या हिशेबाने धुता यावा म्हणून डबीवर मार्करने ‘८००’ लिहूनच द्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं.

३. मे महिन्यात, भर दुपारी वाशीच्या खाडीकाठी १२५चा एफपी४ प्लस बरा. जुन्या कॅमेऱ्याचं शटर बहुधा १/५०० सेकंदाला संपतं, मग ४००चा रोल घालून एफ/१६लाच (लेन्सच्या अगदी बारीक छिद्रावरच) अडकायला होतं.

एक सांभाळा: एचपी५ किंवा ट्राय-एक्स चुकूनही सी-४१मध्ये जाऊ देऊ नका. त्यातलं ब्लीच आणि फिक्सर चित्राची चांदीच काढून टाकतात. माझा येऊरचा रोल असाच परत आला, छत्तीसच्या छत्तीस फ्रेम कोऱ्या.