960 मध्ये इंजिनं भिडवायच्या आधी एवढं बघा, आणि कॅसलिंग दोनदा बघा

मागच्या वेळी मी रात्रभर मशीन चालू ठेवून दोन इंजिनांत, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चेस960 चे (मागच्या रांगेची मांडणी बदलून खेळायचं बुद्धिबळ) 400 डाव खेळवले, सकाळी निकाल बघून खूश झालो, त्या निकालावर पुढचे दोन आठवडे काम केलं, आणि मग कळलं की त्यातल्या 392 डावांत दोन्हीपैकी एकाही इंजिनाला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेणं) करायची मुभाच नव्हती. म्हणून ही यादी. घरच्या मशीनवर चेस960 मध्ये दोन इंजिनं, किंवा माझ्यासारखं स्वतःच्या छोट्या इंजिनाची जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांसमोर बसवायची असेल तर वाचा, आणि नेहमीच्या बुद्धिबळात हे शंभरदा केलं असेल तर नक्कीच वाचा, कारण गोची तिथल्या सवयीमुळेच होते.

मशीनचं पटकन उरकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, स्लीप बंद, अपडेट पुढे ढकला, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते तशी तुमच्याकडे जात असेल तर प्रत्येक डाव संपल्या संपल्या फाईलमध्ये लिहिला जातोय ना ते बघा, सगळं मेमरीत ठेवून शेवटी एकदम लिहू नका. जितके खरे कोअर असतील त्यापेक्षा कमीच डाव एका वेळी चालवा. चार खरे कोअर आणि आठ थ्रेड दिसतात म्हणून आठ डाव लावले की एक इंजिन दुसऱ्याचा वेळ खातं आणि निकालात नुसता गोंगाट उरतो. गाद्यागिरद्यांवर लॅपटॉप ठेवून तापवू नका, तापला की प्रोसेसर स्वतःच मंदावतो आणि पहाटेचे डाव रात्रीच्या डावांपेक्षा हलक्या दर्जाचे होतात.

आता मुद्दा. 960 चा फ्लॅग, म्हणजे हा प्रकार खेळायचाय हे प्रोग्रॅमला सांगणारी सेटिंग. तो चालू आहे का ते बघा. चालू केलाय असं आठवतंय म्हणून पुढे जाऊ नका, बघा.

थोडं मागचं सांगतो म्हणजे याचं महत्त्व कळेल. बॉबी फिशरने 1996 च्या जूनमध्ये ब्युनोस आयर्समध्ये हा प्रकार जाहीर केला, मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडायची, पण दोन अटी: दोन उंट वेगवेगळ्या रंगाच्या घरांवर, आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी. उंटांच्या 4 गुणिले 4 जागा, वजिराच्या 6, घोड्यांच्या 10 जोड्या, आणि उरलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती, असे मिळून 960. राजा हत्तींच्या मध्येच हवा ही अट कशासाठी, तर कॅसलिंग टिकावं म्हणून. राजा-हत्ती निघतात कुठूनही, पण पोचतात नेहमीच्याच घरांवर, एका बाजूला राजा जी1 हत्ती एफ1, दुसऱ्या बाजूला राजा सी1 हत्ती डी1. म्हणजे राजा आधीच जी1 वर असेल तर तो जागचा हलतच नाही, एच1 चा हत्ती त्याच्यावरून उडी मारून एफ1 वर येतो. आणि राजा एफ1 वर असेल तर जी1 वर जाणं ही साधी एका घराची चालही असू शकते आणि कॅसलिंगही. हा घोळ नको म्हणून यूसीआय प्रोटोकॉलमध्ये (इंजिन आणि त्याला चालवणारा प्रोग्रॅम ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात ती) 960 साठी कॅसलिंग लिहायची पद्धत वेगळी आहे: राजाने स्वतःचाच हत्ती मारला असं लिहायचं, म्हणजे एफ1एच1. इंजिनाने ही भाषा बोलावी म्हणून यूसीआय_चेस960 नावाचा ऑप्शन आहे आणि तो ट्रू करावा लागतो.

माझं काय झालं ते सांगतो. मी तयार प्रोग्रॅम न वापरता पायथनमध्ये स्वतःची स्क्रिप्ट लिहिली होती. त्यातल्या बुद्धिबळाच्या लायब्ररीत बोर्ड बनवताना हा 960 चा बोर्ड आहे असं वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. विसरलो. तसं न सांगितल्यावर ती लायब्ररी नेहमीचंच बुद्धिबळ समजते, आणि राजा ई1 वर, हत्ती ए1 आणि एच1 वर असतील तरच कॅसलिंगचा हक्क धरते, नाहीतर तो हक्क गृहीतच धरत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, बेकायदा चाल नाही, कुणी अर्ध्यात हरलं नाही. इंजिनांकडे पोझिशन गेली ती कॅसलिंगच्या जागी डॅश घेऊन, म्हणजे हक्क कुणालाच नाही, आणि इंजिनं बिचारी त्याप्रमाणे खेळत राहिली. 960 पैकी फक्त 18 मांडण्यांत राजा आणि दोन्ही हत्ती नेहमीच्या जागी असतात. मी 200 मांडण्या घेतल्या होत्या, त्यात तसल्या 4 आल्या, दोन्ही रंगांनी मिळून 8 डाव. तेवढ्याच डावांत कॅसलिंग शक्य होतं.

आणि यात वाईट काय होतं ते ऐका. नव्या आवृत्तीत मी बदल केला होता तो राजाच्या सुरक्षिततेचाच, राजा मधल्या पट्ट्यांत असताना त्याच्यासमोरची प्यादी ढकलली तर जास्त दंड. निकाल आला 400 पैकी 222 गुण, म्हणजे साधारण 38 इलोने (खेळाची ताकद मोजायचं माप) पुढे. अर्थातच! दोन्ही बाजूंचे राजे चाळीस-चाळीस चाली मध्येच अडकलेले, तिथे त्या दंडाला सोन्याचा भाव येणारच. तो बदल पक्का करून त्यावर मी आणखी चार गोष्टी रचल्या. मग एका रविवारी सहज एक डाव डोळ्याने खेळवून बघत होतो, पांढऱ्याचा राजा एफ1 वर, जी1 मोकळं, हत्ती एच1 वर, समोरून हल्ला येतोय, आणि इंजिन कॅसलिंग न करता एच प्यादं ढकलतंय. पुढचा डाव तसाच. फाईलमध्ये कॅसलिंगची खूण शोधली तर 400 डावांत फक्त 7 डाव निघाले. फ्लॅग चालू करून तेच डाव परत खेळवले, नव्या आवृत्तीला 197 गुण, म्हणजे बदलाचा उपयोग शून्य. दोन आठवड्यांचं काम उलगडून काढावं लागलं.

तर तपासायचं कसं. पटावर तीनच मोहरी ठेवा: पांढरा राजा एफ1, पांढरा हत्ती एच1, काळा राजा ई8, चाल पांढऱ्याची, आणि पांढऱ्याला राजाच्या बाजूचा कॅसलिंगचा हक्क द्या. आता तुमच्या स्क्रिप्टला कायदेशीर चाली मोजायला सांगा. 14 आल्या पाहिजेत. राजाच्या साध्या 5, हत्तीच्या 8, आणि एक कॅसलिंग. 13 आल्या तर तिथेच थांबा, फ्लॅग बंद आहे. हीच पोझिशन इंजिनालाही वेगळी द्या. स्टॉकफिश या इंजिनाला पर्फ्ट 1 (एका चालीपर्यंतच्या कायदेशीर चाली मोजायची कमांड) सांगितलं की तो चालींची यादी छापतो, त्यात एफ1एच1 दिसलं पाहिजे. ऑप्शन बंद असेल तर त्याच यादीत एफ1जी1 दोनदा दिसतं, एकदा साधी चाल म्हणून आणि एकदा कॅसलिंग म्हणून, आणि तुमच्या स्क्रिप्टला त्यातलं कुठलं कोणतं ते कधीच कळणार नाही. दोन्ही ठिकाणी तपासा, बोर्डाकडेही आणि इंजिनाकडेही, आणि दोन्ही इंजिनांकडे. एकाकडे चालू आणि दुसऱ्याकडे बंद हा तर आणखी वाईट प्रकार.

तयार टूर्नामेंट प्रोग्रॅम वापरत असाल, क्यूटचेससारखा, तर त्याला व्हेरियंट फिशरँडम सांगितलं की तो इंजिनांना ऑप्शन स्वतः पाठवतो. पण व्हेरियंट सांगायचा कोणी? तुम्हीच. म्हणजे विसरायची जागा तिथेही आहेच. आणि फ्लॅग म्हणजे नुसतं कॅसलिंग लिहायची पद्धत असंही समजू नका. स्टॉकफिशच्या कोडमध्ये काही काळ एक दुरुस्ती होती, कोपऱ्यातल्या ए1 किंवा एच1 वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडला गेला तर गुण कमी करायची, कारण नेहमीच्या मांडणीतून उंट तिथे असा कोंडलेला क्वचितच दिसतो. ती दुरुस्ती फक्त 960 चा फ्लॅग चालू असेल तरच चालायची. फ्लॅग बंद म्हणजे इंजिनाची समजही बदलली.

इंजिन हा प्रकार खेळतं का तेही बघून घ्या, यूसीआय कमांड दिल्यावर जी ऑप्शनची यादी येते त्यात तो ऑप्शन नसेल तर ते इंजिन बाजूला ठेवा, जबरदस्तीने खेळवू नका. नावाजलेल्या इंजिनांत बहुतेक असतोच, जर्मनीत मेंझला 2005 साली संगणकांची 960 ची जागतिक स्पर्धा झाली आणि स्पाइक या इंजिनाने जिंकली, तेव्हापासून इंजिनं लिहिणाऱ्यांना याची सवय आहे. जुन्या किंवा हौशी इंजिनांचं मात्र काही सांगता येत नाही.

मांडण्यांची फाईल. 960 च्या 960 घ्या किंवा त्यातून निवडा, पण निवडल्यावर त्या फाईलवरून एकदा नजर फिरवा, एकच मांडणी दोनदा नको. कॅसलिंगचे हक्क दोन पद्धतींनी लिहितात, एक नेहमीची के-क्यू वाली (राजाची बाजू, वजिराची बाजू) आणि एक श्रेडर नावाच्या इंजिनाची, जिच्यात हत्तीच्या पट्टीचं अक्षर असतं. तुमच्या फाईलमध्ये कुठली आहे आणि इंजिनाला कुठली कळते ते जुळवा. न जुळलं तर काय होतं? कॅसलिंग जातं. परत तेच.

प्रत्येक मांडणी दोन्ही रंगांनी खेळवा. ही गोष्ट कुणी टाळू नये. काही मांडण्यांत पांढऱ्याला पहिल्या चालीपासूनच बऱ्यापैकी दाब मिळतो, काहींत जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे एकाच इंजिनाच्या वाट्याला चांगले पांढरे आले तर तुम्ही इंजिन मोजत नसून चिठ्ठ्या मोजताय. टीसेकसारख्या इंजिनांच्या मोठ्या स्पर्धांतही प्रत्येक सुरुवात रंग बदलून खेळतात ते याचसाठी. ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चालींचा साठा) अर्थातच बंद, 518 नंबरची मांडणी म्हणजे आपली नेहमीची, ती सोडली तर बुकाचा काही संबंध नाही.

वेळ आणि हॅश (इंजिनाला दिलेली मेमरी) दोघांना सारखं, पाँडरिंग (समोरच्याच्या वेळात विचार करणं) बंद, एक थ्रेड. मी 60 सेकंद अधिक चालीमागे 0.6 ठेवतो, चार डाव एका वेळी चालवले की 400 डावांना साधारण एक रात्र जाते. 10 अधिक 0.1 वर तासाभरात होतं, पण मग स्क्रिप्टला चाल पाठवायला लागणारा वेळही मोजला जातो, घड्याळात थोडी सूट ठेवा नाहीतर वेळेवर हरलेले डाव येतात. असे डाव किती झाले ते नंतर मोजा, दोन-तीनाच्या वर असतील तर निकाल टाकून द्या.

400 डावांत चूक साधारण 20 ते 30 इलो इकडेतिकडे असते. दहा इलोचा फरक पकडायचा असेल तर अडीच-तीन हजार डाव लागतात, तेवढं थांबायची तयारी नसेल तर तेवढ्या बारीक बदलाची चाचणीच करू नका. माझा तो 38 चा आकडा या 20-30 च्या बाहेर होता म्हणून तर मी विश्वास ठेवला. आकडा बरोबर होता, खेळ चुकीचा होता.

डाव मध्येच संपवायचे नियम लावले तर चालतात, दोघंही चार-पाच चाली चार प्याद्यांच्या वर फरक दाखवत असतील तर हार, चाळिसाव्या चालीनंतर दोघांनाही सलग आठ चाली जवळपास शून्य दिसत असेल तर बरोबरी. दोघांचं मत जुळलं पाहिजे, एकाचं नाही. सिझिजीचे टेबलबेस (थोडीच मोहरी उरल्यावरचे अचूक निकाल) असतील तर लावा, पाच मोहऱ्यांपर्यंतचे एका जीबीत मावतात, सहाचे दीडशेच्या आसपास जातात, नसतील तर अडत नाही.

पीजीएन मध्ये (डाव लिहून ठेवतात ती फाईल) प्रत्येक डावाला सुरुवातीची पोझिशन आणि व्हेरियंटचा टॅग आहे ना बघा, नसेल तर तो डाव नंतर कुणालाही खेळवून बघता येणार नाही, तुम्हालाही नाही.

मग 20 डावांची छोटी फेरी. पूर्ण चालवायच्या आधी, दरवेळी. ती संपली की फाईलमध्ये कॅसलिंग मोजा. बहुतेक डावांत निदान एका बाजूने तरी केलेलं असतं, 20 पैकी दोन-तीनच डावांत दिसलं तर काहीतरी बिघडलंय, मागे जा आणि त्या 14 चाली परत मोजा. आणि दोन-तीन डाव स्वतः पटावर खेळवून बघा, आकड्यांवर जाऊ नका, राजा कुठे जातोय ते बघा.

बाकी लॉग ठेवा, आवृत्तीचं नाव लिहून ठेवा, फाईलला तारीख द्या. स्क्रिप्ट नवीन मशीनवर हलवली, लायब्ररी अपडेट केली, नवीन इंजिन जोडलं, की त्या तीन मोहऱ्यांच्या पटावर 14 आल्याशिवाय झोपायला जाऊ नका.