फॉरेन्सिक अकाउंटिंग ऑनलाइन शिकताय? मग या चुका टाळा

फॉरेन्सिक अकाउंटिंग म्हणजे हिशेबाच्या कागदांतून गैरव्यवहाराचे पुरावे शोधणं. त्याच्या एका ऑनलाइन कोर्सच्या असाइनमेंट मी तपासतो. पहिल्या असाइनमेंटला एका काल्पनिक कारखान्याची तीन महिन्यांची खर्चाची व्हाउचरं देतो, दीडशेच्या आसपास. गेल्या बॅचमध्ये एकाने पहिल्याच ओळीत निकाल लावून टाकला : ‘कॅशियरने अपहार केला आहे.’ पुरावा काय, तर रोखीची २२ व्हाउचरं ९,५०० ते ९,९९० या टप्प्यातली. मंजुरीच्या मर्यादेच्या किंचित खाली रकमा साचल्या की काहीतरी शिजतंय, असं त्याने कुठल्यातरी अमेरिकन व्हिडिओत पाहिलं होतं.

आपल्याकडे दिवसभर टॅलीवर बसणाऱ्या कुणालाही विचारा. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात धरला जात नाही (ट्रकभाड्याला ही मर्यादा ३५ हजार). त्यामुळे हमाली, दुरुस्ती, किरकोळ खरेदी यांचं बिल ९,८०० चं करून घ्यायची सवय चांगल्या चांगल्या पेढ्यांत मुरलेली असते. बिल मुद्दाम फोडलं असेल तर तो आयकराचा प्रश्न झाला. कॅशियरने पैसे खिशात घातले हे त्यातून कुठून आलं? ती २२ व्हाउचरं मीच आमिष म्हणून पेरली होती. दर बॅचला बरेच मासे गळाला लागतात.

या विषयातल्या बहुतेक चुका या एकाच चुकीची पिल्लं आहेत. आकडा वेगळा दिसला की चोर सापडला, असं वाटणं.

आधी एक्सेलवर संशय घ्या, मग माणसावर

सगळ्यात जास्त खोटे ‘चोर’ एक्सेल पकडून देतं. ‘दोन पुरवठादारांचं बँक खाते एकच आहे, म्हणजे एक बोगस’ हा शोध मी दर सत्रात दोन-तीन वेळा तरी वाचतो. होतं असं, की एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच जपतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) डबल क्लिक करून उघडली की सोळाव्या अंकाच्या जागी शून्य येतं. मग ज्यांचा फक्त शेवटचा अंक वेगळा, ती दोन खाती एकसारखी दिसू लागतात. सुरुवातीचे शून्य तर गायबच होतात.

तारखांचंही तेच. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलऐवजी ४ मार्च होतो. १३/०४ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, ती मजकूर म्हणून पडून राहते. अशा फाइलवर ‘रविवारी केलेल्या नोंदी’ शोधल्या तर भलत्याच सापडणार.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. फाइल डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून आत घ्या आणि खाते क्रमांक, चेक क्रमांक, पिन कोड हे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवा. मग ओळी मोजा, एकूण बेरीज मूळ स्टेटमेंटशी जुळवा, आरंभीची आणि अखेरची शिल्लक ताडून पाहा. ताळमेळ लागेपर्यंत विश्लेषणाला हात लावू नका.

बेनफर्डचा नियम सगळीकडे लावू नका

हे प्रकरण विद्यार्थ्यांना फार आवडतं. नैसर्गिकपणे तयार झालेल्या मोठ्या आकडेवारीत १ ने सुरू होणाऱ्या संख्या ३०.१ टक्के आणि ९ ने सुरू होणाऱ्या जेमतेम ४.६ टक्के असतात. सायमन न्यूकम यांना हे १८८१ मध्ये लक्षात आलं, कारण लॉगरिदमच्या पुस्तकांची सुरुवातीची, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या संख्यांची पानं जास्त मळलेली होती. पुढे १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी भरपूर आकडे जमवून तो मांडला आणि नाव त्यांचं पडलं.

नियम खरा, वापर चुकीचा. साठ व्हाउचरांवर तो लावून काही हाती लागत नाही. ठरलेला पगार, एमआरपी, मोबाइल नंबर, चेक क्रमांक यांवर तो चालतच नाही. आणि वर सांगितलेली २२ व्हाउचरं आठवा. आपल्याकडच्या रोख-वहीच्या आलेखात ९ चा खांब उंच आला, तर तो त्या दहा हजारांच्या मर्यादेमुळेही असू शकतो. आलेख पाहून नोंदी निवडा आणि ती बिलं हातात घ्या. आलेखाचं काम तिथे संपलं.

मूळ फाइलवर काम करणं

मिळालेल्या फाइलमध्येच रंग भरणारे, रकाने उडवणारे विद्यार्थी डोक्याला हात लावायला लावतात. मूळ प्रत वेगळी ठेवा, तिचा हॅश (फाइलचा डिजिटल ठसा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो) काढून तारीख-वेळेसह टिपा, काम नकलेवर करा. कोर्समधले बरेच व्हिडिओ अजून जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब शिकवतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी आता कलम ६३ पाहायचं, आणि त्यासोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहावा लागतो. व्हॉट्सॲपवर तीनदा फॉरवर्ड झालेला स्क्रीनशॉट ‘पुरावा क्रमांक १’ म्हणून लावू नका, एवढं तरी ऐका.

कंपनीचा डेटा असेल तर एडिट लॉग मागा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बंद करता न येण्याजोगा असणं सक्तीचं आहे. कुठली नोंद कधी बदलली, हे त्यात सापडतं.

सत्यमची गोष्ट सांगतात, घोटाळा सांगत नाहीत

सत्यम कॉम्प्युटर्सची केस स्टडी दिली की कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं ७ जानेवारी २००९ चं कबुलीचं पत्र आणि त्यातली वाघावर स्वार झाल्याची उपमा, यावर दोन पानं भरतात. खरा प्रश्न साधा आहे. वहीत रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. मग बँकेला कुणी विचारलं कसं नाही? शिल्लक असल्याची खात्री ऑडिटरने थेट बँकेकडून करून घ्यायची असते, कंपनीच्या हातून आलेल्या कागदावर विसंबून नाही. तिथे नेमकी हीच साखळी तुटली होती. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेतही एका बिल्डर समूहाची कर्जं हजारो बोगस खात्यांमागे दडवली होती. केस लिहिताना विचारा : हा कागद कुणाच्या हातून आला, आणि तोच आकडा त्या हाताबाहेर दुसऱ्या कुठे मिळाला असता?

प्रतिबंधाचं प्रकरण शेवटच्या रात्री वाचणं

इथे मी जरा जास्त रेंगाळणार, कारण नोकरीत उपयोगी पडतं ते हेच. ‘कामाची विभागणी करावी’ हे उत्तर सगळे लिहितात. तीन माणसांच्या ऑफिसात विभागणी कशी करणार, हे कुणी लिहीत नाही. तिथे मालकाने बँकेचं स्टेटमेंट स्वतः उघडून पाहणं, एवढं केलं तरी बरंच साधतं.

पतसंस्थेतला पिग्मी एजंट घ्या. सोमवारी शंभर दुकानांतून पैसे गोळा केले, नव्वद जणांचे भरले. मंगळवारच्या वसुलीतून सोमवारच्या दहा जणांचे भरले आणि मंगळवारचे पंधरा जण मागे ठेवले. कोर्समध्ये याला ‘लॅपिंग’ म्हणतात. प्रत्येकाचे पैसे जमा होतात, फक्त कुणाचा तरी एक दिवस कायम मागे असतो. म्हणून असा एजंट वर्षानुवर्षं रजा घेत नाही. संचालकांना मात्र तो फार कष्टाळू वाटतो, सत्कारही होतो! सक्तीची आठवडाभराची रजा, त्या काळात दुसऱ्याने फेरी मारणं, भरण्याचा एसएमएस थेट खातेदाराला, आणि अधूनमधून दुकानात जाऊन खातेदाराचं पिग्मी पुस्तक खतावणीशी ताडून पाहणं. यातला एसएमएस सगळ्यांत स्वस्त. प्रकरण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ ची चौकशी आणि ८८ ची जबाबदारी निश्चिती इथवर गेलं की वसुलीला किती वर्षं लागतात, ते सहकारातल्या कुणालाही विचारा.

तक्रार करायची सोय, हा मुद्दाही मुलं एका ओळीत उरकतात. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या गैरव्यवहार तपासनीसांच्या संघटनेच्या अलीकडच्या अहवालांत उघडकीला आलेल्या गैरव्यवहारांपैकी ४० टक्क्यांहून जास्त कुणीतरी दिलेल्या खबरीमुळे कळले आहेत. ऑडिट त्याच्या बरंच मागे आहे.

कोर्स निवडतानाच्या चुका थोडक्यात. सीएंच्या संस्थेचा फॉरेन्सिक अकाउंटिंगचा सर्टिफिकेट कोर्स सदस्य सीएंसाठी आहे, बीकॉमवर तो मिळत नाही. ऑनलाइन पदवी घेत असाल तर यूजीसीची मान्यता फी भरण्याआधी तपासा. आणि अभ्यासक्रमात कंपन्यांच्या हिशेबांवरचा अमेरिकेचा २००२ चा सार्बेन्स-ऑक्सली कायदा आहे पण आपल्या कंपनी कायद्याचं फसवणुकीच्या शिक्षेचं कलम ४४७ नाही, तर ते तुम्हालाच वेगळं वाचावं लागेल.

आता त्या विद्यार्थ्याकडे. त्याला मी असाइनमेंट परत पाठवली, सोबत फ्रॉड एक्झामिनर्सच्या त्याच असोसिएशनच्या आचारसंहितेतला नियम : कुणी दोषी आहे की निर्दोष, यावर तपासनीसाने मत द्यायचं नाही. दहा दिवसांनी नवीन उत्तर आलं. २२ व्हाउचरांवर एकच ओळ होती. बाकीचं पान एका हार्डवेअर दुकानाच्या पाच बिलांवर. बिलं तीन महिन्यांत पसरलेली, क्रमांक मात्र ओळीने २१२ ते २१६, जणू त्या दुकानाला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. पत्ता इचलकरंजीचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात २९ ने, म्हणजे कर्नाटकची. महाराष्ट्राची २७ ने होते. खाली त्याने लिहिलं होतं : ‘बिलं कुणी मंजूर केली ते व्हाउचरवर दिसत नाही. कॅशियरशी बोलण्याआधी दिलेल्या पत्त्यावर जाऊन यावं लागेल.’