लॉसाठी नोकरी सोडताय? या चुका टाळा

तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी झाली की दरवर्षी तेच बघते. मार्क बरे पडले की दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर राजीनामा! अहो, सीईटीचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. पुढे कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, फेऱ्या, आणि मग कुठे कॉलेज. यातली एकही तारीख आपल्या हातात नसते.

मी निकालाच्याच आठवड्यात नोकरी सोडली होती. महिनाभर आराम करू, मग लेक्चर सुरू होतील, असा हिशोब. पहिलं लेक्चर व्हायला चार महिने गेले. फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे घरभाड्यात आणि किराण्यात संपले, फी बहिणीने भरली. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशीच बंद झाला होता. तिसऱ्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, तो खर्चही घरातूनच. तेव्हापासून विचारेल त्याला एकच सांगते: फीची पावती हातात पडेपर्यंत राजीनामा लिहू नका. नोटीस पिरियड साठ-नव्वद दिवसांचा असेल तर फेऱ्या सुरू होताच एचआरशी तोंडी बोलून ठेवा, शिल्लक रजा त्यात वळती होते का ते विचारा. आणि मेडिक्लेम सुटण्याआधी स्वतःची पॉलिसी घ्या.

रिलिव्हिंग लेटर घेतल्याशिवाय ऑफिस सोडू नका.

काहीजण नोकरीच सोडत नाहीत, 'अटेंडन्स मॅनेज करू' म्हणतात. हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिली शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, आणि २०२४च्या परिपत्रकानुसार नोकरी करत असाल तर तसं जाहीर करून मालकाची एनओसी (ना-हरकत पत्र) द्यावी लागते. वकिलीची सुरुवात खोट्या सहीने करायची का?

दुसरी मोठी चूक म्हणजे नोकरी सुटल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत कलमं पाठ करत बसणं. फूटपाथवरून जुन्या आयपीसीची (भारतीय दंड संहितेची) गाइडं आणायची आणि ३०२, ४२० घोकायचं. १ जुलै २०२४पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे; खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३. त्याआधीचे गुन्हे अजून आयपीसीखालीच चालतात, पण हा फरक कॉलेजात शिकवतील, एवढी घाई कशाला? आधी पंधरा दिवस झोप काढा. मग तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसा. कोर्ट खुलं असतं, सहसा कुणी अडवत नाही. मोबाइल बंद, मागचा बाक. पुकारा होतो, पक्षकार धावत येतो, 'पुढची तारीख' ऐकून परत फिरतो. वादी, प्रतिवादी, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज), रोजनामा (कोर्टातल्या कामकाजाची नोंद) हे शब्द तिथे कानावर पडतात. मी असे अकरा दिवस बसले. पहिल्या सत्रात दिवाणी प्रक्रिया संहितेचं नाव निघालं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दरखास्तीचा कागद घेऊन उभे असलेले एक आजोबा होते.