दहा नग आले की ओळ तुटायची

परभणीहून संभाजीनगरला आलो तेव्हा मेनफ्रेम म्हणजे बँकेच्या तळघरातलं संगणकाचं जुनं धूड, एवढीच माझी समजूत होती. चिकलठाण्याच्या एका लहान कंपनीत पहिलं काम मिळालं ते त्याचंच. परदेशातल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या साठ्याच्या फायली मेनफ्रेमवरून यायच्या, त्या लिनक्सवरच्या डेटाबेसात भरायच्या. असं काम नव्यानं गळ्यात पडलेल्यांसाठी हे लिहितोय. माझे चार दिवस एका बाइटानं खाल्ले.

स्क्रिप्ट पायथनमध्ये, फाईल ओळीओळीनं वाचणारी. चाचणीच्या फायलीवर सगळं सुरळीत. खरी फाईल आली आणि रेकॉर्डांपेक्षा ओळीच जास्त निघाल्या. तुटलेल्या ओळींमधल्या मालाचे नग कागदावर उतरवून काढले: कुठं १०, कुठं २६६, कुठं ५२२. शेजारच्या ताईंनी कागदावर नुसती नजर टाकली. "दोनशे छप्पनचं अंतर आहे बघ. हेक्समध्ये लिही की."

लिहिलं. ०००ए, ०१०ए, ०२०ए (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचे आकडे, दहाचा ए; दोन अंकांचा एक बाइट). लिनक्सवर ओळ संपल्याची खूण ०ए हीच! नगांचा आकडा कोबोल या मेनफ्रेमवरच्या भाषेच्या कॉम्प फील्डात, म्हणजे दोन बाइटांत सरळ बायनरी ठेवलेला. माझी स्क्रिप्ट त्या आकड्यालाच ओळीचा शेवट समजून मधेच कापत होती. २५६० ते २८१५ मधला कुठलाही आकडा आला असता तरी तेच, कारण त्यांचा पहिला बाइट ०ए असतो. चाचणीच्या फायलीत नेमके यातले आकडेच नव्हते.

आमच्याकडं बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. मोजणी आली की अण्णा मला दटावायचे, "बांदाकडं काय बघतोस, साखळी धर." मेनफ्रेमच्या फायलीला तर बांध नसतोच. पंच कार्डावर ८० रकाने असायचे, कार्ड संपलं की रेकॉर्ड संपलं. वेगळी खूण कशाला हवी? तीच रीत पुढं चालत आली. एफबी, म्हणजे एकसारख्या लांबीच्या रेकॉर्डांच्या फायलीत प्रत्येक रेकॉर्ड एलरेकलमध्ये (फायलीसाठी ठरवलेल्या रेकॉर्डाच्या लांबीत) दिलेल्या लांबीचा, दोन रेकॉर्डांच्या मधे काही नाही. म्हणून फाईल हातात आली की पहिल्यांदा तिचा आकार एलरेकलनं भागा. बाकी उरली तर पुढचं काहीच करू नका, फाईल वाटेतच बिघडलीय, नाहीतर कुणी तिच्यात काही घातलंय.

बहुतेक वेळा ती एफटीपीच्या (फायली पाठवायच्या रीतीच्या) टेक्स्ट मोडनं बिघडते. त्या मोडमध्ये प्रत्येक बाइट एबसिडिकमधून, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरांच्या तक्त्यातून, लिनक्सकडच्या आस्की तक्त्यात बदलला जातो. नावाला ते ठीक, आकड्याला नाही. कॉम्प-थ्रीमध्ये (प्रत्येक अंकाला अर्धा बाइट, शेवटचा अर्धा चिन्हाला) उणे १५० घ्या: दोन बाइट, १५ आणि ०डी. शेवटचा डी म्हणजे उणे. आता गंमत बघा, १५ ही एबसिडिकमधली नव्या ओळीची खूण आणि ०डी म्हणजे कॅरेज रिटर्न, तीही ओळीशेवटची खूण. एकाच रकमेत दोन खोटे बांध! उणे आणि शेवटी शून्य असलेली प्रत्येक रक्कम ०डीवर संपते, आणि हिशेबाच्या फायलीत अशा रकमांना तोटा नसतो.

तेव्हा फाईल बायनरीतच आणा. साध्या एडिटरात उघडली तर जागोजागी @@@@ दिसेल, घाबरू नका. एबसिडिकमधली मोकळी जागा ४० असते आणि आस्कीत ४० म्हणजे @. मग कॉपीबुक (कुठलं फील्ड किती बाइटांचं ते सांगणारा आराखडा) समोर ठेवून रेकॉर्डाचे तुकडे पाडा. अक्षरांच्या फील्डांनाच कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता लावा (आमचं ०३७ होतं, तुमचं विचारून घ्या), कॉम्प आणि कॉम्प-थ्री वेगळे सोडवा. ओळीची खूण लावायचीच असेल तर सगळं मजकुरात आल्यावर, अगदी शेवटी. शंका आली तर मेनफ्रेमवर आयएसपीएफ या फाईल बघायच्या साधनात हेक्स ऑन करून तेच रेकॉर्ड बघा.

व्हीबी फायलीत रेकॉर्डांची लांबी कमीजास्त असते. तिथं प्रत्येक रेकॉर्डाआधी चार बाइटांचा आरडीडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डाची माहिती देणारा शब्द असतो, पहिल्या दोन बाइटांत लांबी, तीही हे चार धरून. साध्या बायनरी एफटीपीत तो गळून पडतो आणि मग रेकॉर्ड कुठं संपला ते कळायला मार्गच राहत नाही. पाठवणाऱ्याला तो राखायची एफटीपीची सूचना (साईट किंवा लोकसाईट आरडीडब्ल्यू) लावायला सांगा.

आमच्या फायलीचं एलरेकल १२० होतं, पण पाठवणाऱ्यांनी सोय म्हणून प्रत्येक रेकॉर्डामागं एक ०ए चिकटवला होता. आता स्क्रिप्ट १२१ बाइट मोजून घेते, शेवटचा ०ए आहे का बघते आणि टाकून देते. तो लावू नका म्हणून तीनदा मेल केली. अजून येतोच.