पोल व्हॉल्ट: बार वर पडतो, घोळ खाली झालेला असतो

टीव्हीवर पोल व्हॉल्ट, म्हणजे बांबूउडी, बघताना सगळ्यांची नजर बारवर. छाती घासली, बार पडला, चुकचुकलो, संपलं. तीच उडी मागे नेऊन पुन्हा बघा. घोळ बहुतेक वेळा दोन सेकंद आधी, जमिनीवरच झालेला असतो.

नेहमीची चूक म्हणजे टेक-ऑफला आत घुसणं. उडी घेणारा पाय वरच्या हाताच्या बरोब्बर खाली पडायला हवा. तो वीतभर जरी बॉक्सकडे, म्हणजे पोल रोवायच्या खाचेकडे, सरकला तरी पोल खांद्याला मागे खेचतो आणि कमावलेला वेग तिथेच जातो. मग मुलं टेक-ऑफची खूणच मागेपुढे करत बसतात. अहो, खूण बिचारी जागेवरच आहे! विश्वविक्रमवीर डुप्लांटिसचा रनअप वीसेक पावलांचा. एवढ्या पावलांत सुरुवातीला जोश चढला की शेवटी हिशेब चुकणारच. म्हणून जाणते कोच बॉक्सपाशी न थांबता शेवटच्या सहा पावलांच्या खुणेशी उभे राहतात. पाय तिथेच पुढे पडला असेल, तर पुढचं बघायची गरजच नाही.

उडी झाल्यावर कुठे पडलात, तेही बोलकं असतं. पोल उभा न होता तुम्हाला मागे रनवेकडे टाकत असेल, तर पकड फार वर आहे किंवा पोल तुमच्या वेगाला कडक आहे. पकड खाली घ्या, हट्ट करू नका. ही चूक हाडं मोडते. उलट, गादीत फार खोल जाऊन पडत असाल, तर पोल मऊ पडतोय.

बार चढतानाच लागतो की उतरताना, हेही बघा. स्टँडर्ड, म्हणजे बार धरणारे खांब, बॉक्सच्या मागच्या कडेपासून 80 सेंटीमीटरपर्यंत गादीकडे सरकवता येतात. चढताना लागत असेल तर ते गादीकडे न्यायला सांगा. उतरताना बारवर बसत असाल तर बॉक्सच्या जवळ घ्या. पण आकडा पंचांना वेळेत सांगा. ते लावून झाल्यावर आठवण झाली, तर बदलाचा वेळ उडीसाठीच्या तुमच्याच मिनिटातून वजा होतो. आणि हलणारा बार हाताने सावरायचा मोह नको, उडी बाद धरतात.

उंची निवडण्यातला अतिआत्मविश्वास तर थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये विश्वविक्रमवीर सर्गेई बुबका 5.70 वर दोनदा चुकला, उरलेली उडी 5.75 साठी राखली, तीही गेली. हाती एकही उंची नाही. 2009 च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत येलेना इसिनबायेवाने थेट 4.75 ला सुरुवात केली, चुकली, 4.80 वर गेली आणि उरलेल्या दोन्ही उड्या फुकट. सुवर्ण मिळालं ॲना रोगोव्स्काला, 4.75 वर! अकरा दिवसांनी झ्युरिचमध्ये इसिनबायेवाने 5.06 चा महिलांचा विश्वविक्रम केला. म्हणजे फॉर्म होता, फसली ती सुरुवातीची उंची. माझं मत विचाराल तर पहिली उंची झोपेतही पार होईल अशीच हवी. मात्र तिथेही आळस नको. बरोबरी झाली तर आधी पार केलेल्या शेवटच्या उंचीवरच्या आणि मग एकूण चुका मोजतात.

राहिले पोल. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ऐन फायनलला ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल सापडेना. आपल्याकडे तर पाच मीटरचं ओझं रेल्वेच्या डब्यात नेणं हीच कसरत. 2026 च्या जानेवारीत देव मीनासारख्या राष्ट्रीय विक्रमवीरालाही पनवेल स्टेशनवर पोलमुळे अडकून पडावं लागलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोल स्वतः मोजा, नळीवरचे आकडे वाचा, चिरा गेल्यात का ते हात फिरवून बघा. उडीत पोल मोडला तर तो प्रयत्न बाद धरत नाहीत, नवा देतात. फक्त त्या वेळी हाताशी दुसरा पोल हवा.