स्पीड स्केटिंगचं बायोमेकॅनिक्स शिकायचंय? आधी गुडघा बघा

नागपुरात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. इथल्या पोरांचं स्पीड स्केटिंग म्हणजे इनलाइन, एका रांगेतली चाकं आणि खाली काँक्रीट. मग बर्फावरच्या स्केटिंगवर हॉलंडमध्ये झालेलं संशोधन आपल्या काय कामाचं, असं नवे विद्यार्थी हमखास विचारतात. कामाचं आहे. दोन्हीकडे मूळ भानगड एकच: स्केट पुढे सरकतच असतो, त्याला मागे रेटून काही हाती लागत नाही. जोर आडवाच लावावा लागतो, स्केट ज्या दिशेने चाललाय तिला काटकोनात. धावणं डोक्यात ठेवून स्केटिंगकडे बघणाऱ्याचा हिशेब इथेच फसतो.

मी फिजिओथेरपीतून बायोमेकॅनिक्समध्ये, म्हणजे शरीराच्या हालचालींमागचं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या विषयात, आलो. कोणी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून येतं, कोणी मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधून. विदर्भातल्या मुलांना शारीरिक शिक्षणासाठी अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळ पडतं, पुढे ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था आहे. पदवी कोणतीही असो, अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र पक्कं हवं. सॉफ्टवेअर नंतर आलं तरी चालतं.

भौतिकशास्त्र का, तर हे बघा. वेगात असलेल्या स्केटरची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर हवेपायी लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त हवी. एवढी ताकद एका हंगामात कोणाच्या मांड्यांत येत नाही. त्यापेक्षा खाली बसणं स्वस्त. पाठ आडवी झाली की हवेला अंग कमी लागतं, आणि गुडघा जास्त वाकलेला असला की पुशला लांबी मिळते. याची किंमतही आहे. त्या बैठकीत मांडीचे स्नायू सतत आवळलेले राहतात, रक्तपुरवठा अडतो आणि पाय लवकर भरून येतात. शेवटच्या लॅपला पोरं उभी होतात ती आळसाने नव्हे, हे काही प्रशिक्षकांना अजून पटत नाही.

रिंकवरच्या एका मुलाला मी "अजून बस" म्हटलं, तर तो म्हणाला, "सर, बसूनच तर आहो!" मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ किनोव्हिया या व्हिडिओवर कोन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून गुडघ्याचा कोन काढला (पाय सरळ असेल तर १८०), तो १३५ अंशांच्या आसपास आला. चांगले स्केटर ११०च्या जवळ किंवा त्याच्याही खाली बसतात. त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, आणि गुपचूप रिंकवर गेला.

क्लॅप स्केटची गोष्ट मात्र नीट वाचा. जुन्या स्केटमध्ये पातं बुटाला टाचेसकट घट्ट असायचं. घोटा सरळ केला की पात्याचं टोक बर्फात रुतायचं, म्हणून गुडघा पूर्ण सरळ होण्याआधीच पाय उचलावा लागे. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातल्या गेरिट यान फान इंगेन स्खेनाऊ आणि सहकाऱ्यांनी पुढच्या बाजूला बिजागरी दिली: टाच उचलते, पातं बर्फावरच राहतं. १९९८च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत तो स्केट सर्वत्र पोचला आणि विक्रम धडाधड कोसळले. मला विचाराल तर, बायोमेकॅनिक्सने एखादा खेळ बदलल्याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

मोजमापाचं एक पथ्य. सेकंदाला १० मीटर वेग असेल तर सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये स्केटर ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. २४० फ्रेमला जेमतेम ४. म्हणून स्लो मोशनच वापरा, आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर, हालचालीला काटकोनात ठेवा. तिरका ठेवलात तर कोन खोटा येतो.

आपल्या उन्हाळ्याबद्दलही. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते, कागदावर फायदाच. पण शरीर तापतं, पॉलियुरेथेनची चाकं मऊ पडतात. मे महिन्यातल्या नोंदींची डिसेंबरशी थेट तुलना करू नका, आणि दुपारी तर चाचणी नकोच बाप्पा.

पैशाचं स्पष्ट सांगतो: फक्त स्केटिंगवर पोट भरत नाही. हांगचौ आशियाई स्पर्धेत आपल्या दोन्ही रिले संघांना ३००० मीटरचं कांस्य मिळाल्यापासून पालकांची चौकशी वाढली, पण माझं घर चालतं ते क्लिनिकवर. धावपटू आणि जलदगती गोलंदाजांचं विश्लेषणही शिकून घ्या.

मुलांचा व्हिडिओ घेण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. आणि ट्रायपॉड कठड्याच्या बाहेरच लावा, वळणावर तर नक्कीच.