पांढऱ्या उन्हातले रंग भिंतीवर कसे पाडावेत

शाळेत लोलकाचा प्रयोग म्हणजे कागदावर टाचण्या टोचायच्या, त्या एका रेषेत आणायच्या आणि कोन मोजून वहीत लिहायचा. मी तो केला, मार्कही मिळाले, पण रंग काही दिसले नाहीत. ‘तानापिहिनिपाजा’ तोंडपाठ होतं. भिंतीवर उमटलेला खराखुरा पट्टा मात्र पुष्कळ वर्षांनी, स्वतःच्या घरात पाहिला. तो जांभळा रंग कुठल्याही छापील चित्रात सापडत नाही. म्हणून हा प्रयोग एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा.

साहित्य थोडंच लागतं. शाळेच्या प्रयोगसाहित्याच्या दुकानात मिळणारा काचेचा समभुज लोलक, काळा जाड पुठ्ठा, ब्लेड, पांढरा कागद, एक मोठं भिंग आणि मळलेल्या कणकेचे दोन गोळे. पूर्वेची खिडकी असेल तर सकाळी नऊच्या सुमारास बसा. तेव्हा ऊन तिरपं येतं आणि ते आपल्या कामाचं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो: लोलकातून सूर्याकडे कधीही बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. बघायचं ते भिंतीकडे.

फट आणि अंधार

पुठ्ठ्यात ब्लेडने आडवी फट कापा. तीन सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद, त्याहून मोठी नको. पुठ्ठा खिडकीला चिकटवा आणि बाकीची खिडकी चादरीने झाका. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. फट रुंद ठेवली की प्रत्येक रंगाचा पट्टा शेजारच्या रंगावर चढतो, मधे पुन्हा पांढरं होतं आणि फक्त कडांना रंग उरतात.

समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा. पिवळसर किंवा निळसर डिस्टेंपर रंग खाऊन टाकतं.

लोलक बसवा

फटीपासून वीतभर अंतरावर स्टूल ठेवा. त्यावर कणकेचे गोळे ठेवून लोलकाची दोन टोकं त्यांत रुतवा. लोलक आडवा, एक धार खाली आणि सपाट बाजू वर. धार फटीला समांतर हवी. लोलक प्रकाशाला आपल्या जाड बाजूकडे वळवतो. जाड बाजू वर असली की खाली उतरणारी तिरीप वर उचलली जाते आणि जवळपास सरळ समोरच्या भिंतीवर जाते.

आता लोलक हळूहळू फिरवा. आधी एखादा पांढरा ठिपका इकडेतिकडे पळताना दिसेल. ते काचेच्या पृष्ठभागावरून झालेलं नुसतं परावर्तन, त्याच्या मागे लागू नका. रंगीत पट्टा सापडला की फिरवत राहा. पट्टा भिंतीवर खाली खाली सरकतो, एका जागी थबकतो आणि तुम्ही त्याच दिशेने फिरवत असूनही उलटा वर जायला लागतो. थबकला तिथेच थांबा. त्या स्थितीत प्रकाश कमीत कमी वळतो आणि रंग स्वच्छ दिसतात.

अंतर मात्र द्या. लोलकाजवळ कागद धरला तर मधे पांढरं आणि कडांना रंग एवढंच दिसेल. साध्या काचेच्या लोलकातून तांबडा आणि जांभळा यांच्यात जेमतेम दीड अंशाचा फरक पडतो. दोन मीटरवर त्याचे साधारण पाच सेंटिमीटर होतात. भिंत जितकी लांब तितका पट्टा ऐसपैस, फक्त थोडा फिका. पुस्तकातल्या आकृतीत तांबडा वर असतो. तुमच्या भिंतीवर तो खाली असेल आणि जांभळा वर, कारण जांभळा सगळ्यात जास्त वळतो.

चार मिनिटांनी पाहिलंत तर पट्टा तीनेक सेंटिमीटर सरकलेला असेल. हात लागला नाही. सूर्य पुढे गेला.

हे घडतं कशामुळे

हवेत सगळे रंग जवळजवळ एकाच वेगाने जातात. काचेत शिरले की सगळ्यांचाच वेग कमी होतो, पण जांभळ्याचा तांबड्याहून थोडा जास्त. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत प्रकाश किती पटीने मंदावतो तो आकडा, तांबड्यासाठी सुमारे 1.51 तर जांभळ्यासाठी 1.53 असतो. जो जास्त मंदावतो तो जास्त वळतो. खिडकीच्या तावदानात हा फरक दिसत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजू समांतर असतात: पहिलीने वळवलेलं दुसरी सरळ करते. लोलकाच्या बाजू एकमेकींना तिरप्या असल्याने दुसरी बाजू तो फरक आणखी वाढवते.

न्यूटनलाही आधी रंगांनी नव्हे, आकाराने कोड्यात टाकलं. 1672 साली रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने मापं दिली आहेत: पाव इंचाचं गोल भोक, 22 फुटांवर भिंत. सूर्य गोल, भोक गोल, म्हणजे कवडसा गोलच पडायला हवा. पडला तो रुंदीच्या पाचपट लांब. त्या काळी समज असा होता की काचच उजेडाला रंग लावते.

रंग पारखून पाहा

या समजाची परीक्षा घरी घेता येते, आणि ती घेतल्याशिवाय उठू नका. दुसरा लोलक असेल तर पट्ट्याच्या जागी दुसरा पुठ्ठा धरा आणि त्याच्या बारीक फटीतून फक्त तांबडा पुढे जाऊ द्या. त्यापुढे दुसरा लोलक ठेवा. तांबडा वळेल, पण त्यातून हिरवा किंवा निळा निघणार नाही. काच रंग लावत असती तर इथेही लावला असता.

दुसरा लोलक नसेल तर भिंग आहेच. लोलकापासून अर्ध्या मीटरवर, सगळे रंग भिंगात मावतील असं ते धरा आणि त्यामागे कागद हळूहळू लांब न्या. रंग जवळ येतात, एका जागी मिसळतात आणि कागदावर पुन्हा पांढरा उजेड पडतो. त्याच्याही पुढे नेलात तर रंग परत फाकतात, पण उलट्या क्रमाने. कागद पांढऱ्या जागी आणून ठेवा आणि कुणाला तरी भिंगाच्या अलीकडे पुठ्ठ्याच्या पट्टीने फक्त तांबडा अडवायला सांगा. पांढरा ठिपका तुमच्या डोळ्यांदेखत निळसर हिरवा होतो. पट्टी काढली की पांढरा.